'जुने सचिवालय' आणि 'मंत्रालय': फरक काय?

प्रश्न असा आहे: 'सचिवालय' आणि 'मंत्रालय' हे शब्द समानार्थी आहेत का? आणि मुंबईच्या 'जुन्या सचिवालयात' सचिव न बसता न्यायाधीश कसे बसतात?

मुंबईपुरते बोलायचे तर ही राज्य कारभाराच्या एकाच मुख्य कचेरीची दोन नावे आहेत, पण ती चिकटली दोन वेगळ्या इमारतींना. ओव्हल मैदानासमोर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या रांगेत, कर्नल विल्किन्सच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली दगडी इमारत १८७४ साली पुरी झाली. मुंबई इलाख्याचे सेक्रेटरिएट ते हेच. १९५५च्या सुमारास कारभार नव्या इमारतीत गेला, 'सचिवालय' हे नावही तिकडे गेले आणि मागे राहिलेल्या इमारतीला 'जुने' लागले. पुढे १९७५ मध्ये, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, नव्या इमारतीचे 'मंत्रालय' झाले. म्हणून आज मुंबईत 'जुने सचिवालय' आहे, 'नवे सचिवालय' मात्र नाही.

जुन्या इमारतीत आता नगर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. तिथले 'जुने' हे नुसते विशेषण उरलेले नाही, तो नावाचाच भाग आहे. पत्ता लिहिताना ते गाळू नये आणि त्याजागी 'पूर्वीचे'ही घालू नये. ते गाळले तर वाचणारा मंत्रालयाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि कोर्टाची तारीख हुकते.

आता शब्दांकडे वळू. संस्कृतात सचिव आणि मंत्री फार जवळचे आहेत. अमरकोशात मंत्री म्हणजे 'धीसचिव', सल्ला देणारा. बाकीचे 'कर्मसचिव', काम तडीस नेणारे. आजचा प्रशासकीय सचिव या दुसऱ्या अर्थाला किती नेमका बसतो! शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही दोघे शेजारी आहेत: मंत्री म्हणजे वाकनीस (राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा), सचिव म्हणजे सुरनीस (सरकारी पत्रव्यवहार तपासणारा). दोघेही प्रधानच, त्यात वरचा-खालचा असा आजचा भेद नव्हता. भोर संस्थानच्या 'पंतसचिव' या किताबात तो मान टिकून राहिला. 'सेक्रेटरी'साठी मराठीने आधी 'चिटणीस' वापरला होता आणि पक्ष-संस्थांत 'सरचिटणीस' अजून रुळलेला आहे. सरकारी भाषेत मात्र 'सचिव' पक्का झाला.

सर्वांत जास्त चूक होते ती 'राज्याचे गृह मंत्रालय' या प्रयोगात. मंत्रालये केंद्राची, राज्यात असतात ते विभाग. कोणताही शासन निर्णय उघडून त्याचा माथा पाहा: 'महाराष्ट्र शासन, गृह विभाग', आणि खाली 'मंत्रालय, मुंबई ४०० ०३२'. म्हणजे इथे 'मंत्रालय' हा पत्ता आहे, खाते नव्हे. बातमी भाषांतरित करताना हा फरक हमखास सुटतो. 'सचिवालय' शब्दही मेलेला नाही. 'महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय' हे कार्यालयाचे नाव आजही तसेच आहे.

असाच घोळ 'विधान भवन' आणि 'विधानमंडळ' यांचा होतो. भवन ही इमारत, मंडळ ही संस्था. विधेयक मंजूर करते ते विधानमंडळ, भवन नव्हे. नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१चे. त्याआधी सभागृह भरत असे ते कुलाब्याच्या वाटेवरच्या 'कौन्सिल हॉल'मध्ये, जिथे आता राज्य पोलीस मुख्यालय आहे. पण ही इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेले 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम', १८७६ साली पुरे झालेले. सरकारने ते १९२८ साली कायदेमंडळासाठी घेतले. लोकांच्या तोंडी मधल्याच वापराचे नाव राहिले, पहिले पार पुसले गेले. दर्शनी भागाच्या त्रिकोणात कोरलेला समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचे जलाश्व तेवढे मूळ वापराची खूण सांगतात.