गच्चीवरच्या सळया बघून घर घ्यायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नाशिकला भाड्याने राहतो, मी, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. दिवाळीपासून सासूबाई पण कायमच्या आमच्याकडे येतायत, त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोन घरं बघितलीत. एक टू बीएचके फ्लॅट, ४७ लाख, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरं वन बीएचके रो हाऊस, बैठं, ३८ लाख, वर पूर्ण गच्ची आणि कॉलमच्या सळया बाहेर काढून ठेवल्यात. मालक म्हणतो कधी पण वर दोन खोल्या चढवा. शेजारच्या लाइनमधलं अगदी तसंच घर ३५ ला गेलंय, पण याचं म्हणणं माझ्या सळया तयार आहेत म्हणून ३८. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला वरचं ८ लाखात करून देतो. म्हणजे ४६ मध्ये थ्री बीएचके! नवरा तर ठरवूनच बसलाय, मला मात्र धाकधूक वाटतेय. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: धाकधूक वाटतेय ते बरंच आहे, म्हणून तर तुम्ही टोकन द्यायच्या आधी विचारलंत. घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मालक तुम्हाला ३ लाखाला काय विकतोय ते बघा. खोली नाही, खोलीची परवानगी नाही, नुसत्या सळया. त्या पण किती वर्षं पावसात गंजत उभ्या आहेत कोण जाणे.

आधी कागद बघा, कारण रो हाऊसमध्ये बहुतेकांचं इथेच फसतं. रो हाऊसची जमीन प्रत्येकाच्या नावावर वेगळी असेलच असं नाही. बऱ्याच स्कीममध्ये सगळा प्लॉट एकत्र असतो, डीड ऑफ अपार्टमेंट केलेलं असतं (१९७० चा अपार्टमेंट कायदा) आणि तुम्हाला मिळतो घर अधिक जमिनीतला अविभक्त हिस्सा. मग उरलेला एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो हिशेब) तुमच्या एकटीचा नसतो, तो सगळ्यांचा, आणि कधीकधी तर उरलेलाच नसतो, बिल्डरनं मागच्या बिल्डिंगमध्ये वापरून टाकलेला असतो. गच्ची तुमच्या ताब्यात आहे, कपडे वाळत घाला, पापड घाला, पण खोली बांधायचा हक्क ही वेगळी गोष्ट. म्हणून मालकाकडे तीन कागद मागा: मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि त्याच्या खरेदीखताची किंवा अपार्टमेंट डीडची कॉपी. "देतो देतो" करत राहिला तर तिथेच काय ते समजा.

समजा जमीन स्वतंत्र निघाली. मग गणित सोपं आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठराविक भाग सोडून बाकी महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती. त्यात महापालिका हद्दीत, गावठाण सोडून, बेसिक एफएसआय १.१ आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर वर प्रीमियम एफएसआय (जादा पैसे भरून मिळणारा) नाही आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकाम हक्क) पण नाही, आणि रो हाऊसच्या गल्ल्या किती रुंद असतात ते तुम्ही बघितलंच असेल. म्हणजे प्लॉट ६० चौरस मीटर असेल तर ६६ चौरस मीटर बेसिक, त्यातले ४० खाली वापरलेत तर उरले २६, म्हणजे साधारण २८० स्क्वेअर फूट. पैसे भरून अन्सिलरी (पूरक) एफएसआय मिळतो तो वेगळा, रहिवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत, पण त्याचे पैसे कॉन्ट्रॅक्टरच्या ८ लाखात नाहीत हे लक्षात ठेवा. कोणीतरी सांगेल की १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आता परवानगीच लागत नाही. अर्धं खरं आहे. आर्किटेक्टनं नकाशा दाखल करून फी भरली की काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघत बसायला लागत नाही, पण बांधकाम नियमात बसलंच पाहिजे, आणि अपार्टमेंट डीड असेल तर तो प्लॉट मुळात तुमचा कुठे आहे!

आता जमिनीच्या खालचं. सळया वर काढल्या म्हणजे फुटिंग (कॉलमखालचा पाया) वरच्या मजल्याच्या वजनाचं केलंय असं अजिबात नाही, गवंडी लोक सवयीनं पण काढून ठेवतात. आरसीसी ड्रॉइंग मागा. नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा, एका कॉलमशेजारी खड्डा खणून तो फुटिंग किती मोठं आणि किती खोल आहे ते बघेल. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया खाली मुरमापर्यंत गेलेला नसेल तर वर मजला चढवायचं नावच काढू नका. रो हाऊसमध्ये अजून एक भानगड म्हणजे मधली भिंत कॉमन, कित्येकदा कॉलम आणि फुटिंग पण कॉमन. तुम्ही वर चढवलंत आणि शेजारच्या काकांच्या हॉलला तडा गेला तर पुढची दहा वर्षं तुम्ही गणपतीला एकमेकांकडे जाणार नाही. त्यांची लेखी संमती आधी.

(आमच्या सांगलीच्या घराला मागे एक खोली वाढवली होती. जुनं घर केव्हाच बसलेलं, नवीन पाया मात्र काळ्या मातीत दोन पावसाळे खाली खाली जात राहिला. जोडावर बोटभर फट पडली. कॉन्ट्रॅक्टर येऊन दरवेळी पुट्टी भरून जायचा आणि चहा पिऊन जायचा. जुनं आणि नवं जिथे मिळतं तिथे मुद्दाम सांधा सोडायचा असतो हे आम्हाला नंतर कळलं.)

८ लाखांचं बोलू. दोन खोल्या ४०० फूट धरल्या तर तो फुटाला २००० लावतोय. त्यात जिना धरलाय का विचारा. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) फोडून उतरवायला लागतो, नाहीतर ते सगळं वजन खालच्या स्लॅबवर तसंच राहतं आणि वर फरशीचं अजून. टाकी हलवणं, संडासाची लाइन, नवीन वॉटरप्रूफिंग, इंजिनिअर आणि आर्किटेक्टची फी. मी तर ११-१२ च धरीन. आणि कोबा फोडला की नवीन स्लॅब पडून वॉटरप्रूफिंग होईपर्यंत घर उघडं, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं, मधे पैसे अडकले तर पावसाळाभर बेडरूममध्ये बादल्या. जिना आतून घेतलात तर हॉलमधले ७०-८० फूट गेले, म्हणजे थ्री बीएचके होईल पण हॉल पॅसेजएवढा.

पैसे कसे उभे राहणार ते पण बघा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त किमतीच्या ८० टक्के देते, म्हणजे ३८ वर ३० लाख ४० हजार, आणि स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. (घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे, ३८ हजार वाचतात, नवऱ्याला जरूर सांगा.) वरच्या मजल्यासाठी पुढे कर्ज मागायला जाल तेव्हा बँक मंजूर नकाशा आणि इंजिनिअरचं एस्टिमेट मागणारच. तेव्हा कागदात अडकण्यापेक्षा आत्ता बघितलेलं बरं.

पण मला खरं अडतंय ते सासूबाईंपाशी. त्या दिवाळीला येणार, वरच्या खोल्या, पैसे जमवून, अगदी लवकर म्हटलं तरी तीन-चार वर्षांनी. तोपर्यंत खालची बेडरूम त्यांची, आणि तुम्ही तिघं हॉलमध्ये. जमेल का? मुलगी तोवर नऊ वर्षांची होईल. हे तुम्ही दोघांनी मोकळेपणानं बोला, नवरा "होईल की ॲडजस्ट" म्हणाला तर त्याला आधी एक महिना हॉलमध्ये झोपायला सांगा. फ्लॅटचं म्हणाल तर दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते मी तरी सुचवणार नाही, त्या एकदा वर चढल्या की देवळात जायला पण उतरणार नाहीत.

तेव्हा माझं मत रो हाऊसकडेच आहे, पण वन बीएचके म्हणूनच. वर कधीच काही बांधता आलं नाही तरी हे घर चालेल का, याचं उत्तर हो असेल तर घ्या, आणि ३५ ला मागा. मालक सळयांचे ३ लाख सोडायला तयार नसेल तर इंजिनिअरचा रिपोर्ट आणि तीन कागद त्याच्याकडूनच मागा, ते सगळं चोख निघालं तर ३८ पण जास्त नाहीत. तोपर्यंत टोकन देऊ नका. आणि जमल्यास त्या शेजारच्या लाइनमध्ये संध्याकाळी एक चक्कर मारा, वर चढवलेलं एखादं घर दिसलं तर बेल वाजवून सरळ विचारा, परवानगी कशी मिळाली आणि शेवटी किती लागले. लोक सांगतात, अगदी चहा देऊन सांगतात.