सायटिका: दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठवर उतरतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जाते, पायाच्या अंगठ्यापाशी मुंग्या येतात, एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल-४ एल-५ची गादी बाहेर आली आहे, नस दबली आहे’ असं लिहिलंय (एल-४, एल-५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती). आता झोपून राहायचं की व्यायाम करायचा, आणि ऑपरेशन टळेल का?

टळण्याची शक्यता चांगली आहे. पण आधी एक गोष्ट तपासा. लघवी सुरू व्हायला वेळ लागतोय, मूत्राशय भरल्याचं कळत नाही किंवा लघवी नकळत गळते, शौचावर ताबा राहिलेला नाही, शौचानंतर धुताना तिथला भाग किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर लागते, कळ एकदम दोन्ही पायांत उतरली आहे: यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा सगळा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात. अशा वेळी ऑपरेशन तासांच्या हिशेबात करावं लागतं, नाहीतर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल घोट्यातून वर उचलताच येत नसेल, कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उगाच उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडण्या-आपटण्यानंतर हे सुरू झालं असेल, तरीही घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

कमरेच्या खालच्या दोन मणक्यांपासून आणि त्यांच्याखालच्या त्रिकास्थीतून (कमरेखालच्या तिकोनी हाडातून) निघणाऱ्या नसांची मुळं एकत्र येऊन सायटिक नस बनते. शरीरातली ही सगळ्यात जाड नस. तिच्या वाटेने पायात उतरणारी कळ म्हणजे सायटिका. बहुतेकांच्या बाबतीत कुल्ल्यातली किंवा मांडीतली नस धडधाकट असते आणि त्रास असतो तो मणक्यापाशी तिच्या एका मुळाला. म्हणून दुखतं पोटरीत, पण पोटरी कितीही चोळली तरी तासाभरात पहिले पाढे पंचावन्न.

गादीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं असतं आणि आत मऊ, पाणीदार गर असतो. कडं फाटून गर बाहेर आला की तो मुळाला दाबतो आणि शिवाय तिथे रासायनिक दाह पेटवतो. हा दुसरा भाग फार कोणी समजावून सांगत नाही. दाह ओसरला की दाब तेवढाच असूनही कळ जाऊ शकते. पुढे पुष्कळदा बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि मोठा, सुटून पडलेला तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा जास्त सहजपणे विरतो. रिपोर्टातले भीतीदायक शब्द आणि प्रत्यक्षातलं भविष्य यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहिले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादीचा फुगवटा सापडला होता.

त्यामुळे स्कॅनला अर्थ येतो तो लक्षणांशी जुळला तरच. तुमचं जुळतंय. एल-४ एल-५मधली गादी सहसा एल-५चं मूळ दाबते, आणि त्या मुळाचा पट्टा मांडीच्या बाहेरून, नडगीच्या बाहेरून, पावलाच्या वरून अंगठ्याकडे जातो. त्याखालची गादी एस-१ला, म्हणजे त्रिकास्थीतून निघणाऱ्या पहिल्या मुळाला, दाबते. तेव्हा कळ मांडी-पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे जाते. मांडीच्या पुढच्या भागात किंवा नडगीच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर वरचं मूळ असावं.

दुखण्यापेक्षा ताकद महत्त्वाची, आणि ती घरी तपासता येते. भिंतीला हात टेकून चवडे वर उचलून टाचांवर दहा पावलं चाला. एल-५ कमजोर असेल तर त्या बाजूचा चवडा खाली पडतो. मग एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उंच उचला, दहा वेळा. एस-१ कमजोर असेल तर चार-पाच वेळांतच टाच अर्ध्यावर अडते. शेवटी बसून दोन्ही पायांचे अंगठे वर खेचा आणि कोणाला तरी बोटाने खाली दाबायला सांगा. दोन्ही बाजूंची तुलना करा, तारखेसह लिहून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. कळ कमी झाली पण अंगठ्याची ताकदही उतरली, याला सुधारणा म्हणत नाहीत. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे.

सरळ पाय उचलण्याची चाचणीही तुमच्यावर झाली असेल. उताणं झोपून गुडघा न वाकवता दुसऱ्याने पाय वर उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली तीच ओळखीची कळ गेली तर मुळावर ताण आहे. नुसतं मांडीच्या मागे ओढल्यासारखं झालं तर तो आखडलेला स्नायू, त्याला सायटिका म्हणू नये.

सायटिकासारखी दिसणारी दुखणीही आहेत. जांघेत दुखतं आणि मोजे घालताना पाय वळत नाही: बहुधा खुबा. मांडीची फक्त बाहेरची बाजू बधिर किंवा जळजळती, कंबर ठीक: कातडीची एक वेगळी नस, घट्ट पट्ट्याने किंवा वाढलेल्या पोटाने दबलेली. कुल्ल्यात खोलवर दुखतं, बसलं की वाढतं, कमरेत काहीच नाही: तिथल्या स्नायूखाली नस चिमटली असू शकते, अशा वेळी मागच्या खिशातलं पाकीट आधी काढा. आणि साठीनंतर चाललं की दोन्ही पाय भरून येतात, पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं: मणक्याची नळी अरुंद झालेली असते. हे शेवटचं वेगळं ओळखणं गरजेचं आहे, कारण त्याचे व्यायाम बरोबर उलटे असतात.

आता झोपून राहण्याबद्दल. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात राहिलेल्यांना आणि जमेल तशी हालचाल करणाऱ्यांना सारखाच गुण आला. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद मात्र जाते. कळ असह्य असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबा आणि गुडघा काटकोनात. पुष्कळांना या स्थितीत आराम पडतो. मग उठून पाच-दहा मिनिटं सपाट जमिनीवर चाला. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं चालणं हे एकदाच तासभर चालण्यापेक्षा चांगलं. किती चालल्यावर कळ खाली उतरते ते बघा आणि त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा.

व्यायाम कोणता, हे ठरवायला एकच कसोटी लावा: तो केल्यावर दुखणं पायात खाली सरकतं की कमरेकडे वर? पोटरीतली कळ मांडीत, मग कुल्ल्यात, मग फक्त कमरेत आली तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. लोक नेमकं इथेच फसतात. कंबर दुखायला लागली म्हणून उपयोगी व्यायाम सोडतात, आणि कंबर मोकळी वाटली पण पाऊल बधिर झालं तरी चुकीचा व्यायाम रेटतात.

गादीच्या दुखण्यात बऱ्याच जणांना मागे वाकणं मानवतं. पालथं झोपा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं. तेही जमत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि काही दिवसांत ती काढा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, पुन्हा दोन-तीन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली ठेवून हातांनी छाती वर ढकला, एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा. दिवसातून पाच-सहा वेळा करा. यात कंबर आणि कुल्ले पूर्ण सैल हवेत, ओटीपोट जमिनीला टेकलेलं. कुल्ले आवळले किंवा पाठीच्या स्नायूंनी अंग उचललं की व्यायाम वाया जातो. काम फक्त हातांचं आहे. दहा वेळांनंतर कळ आधीपेक्षा खाली जाऊन तिथेच राहिली तर थांबा. दोन-तीन दिवस नीट करूनही ती जराही वर सरकली नाही तर ही दिशा तुमची नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून तपासून दुसरी दिशा शोधा, यूट्यूबवरून नव्हे. अरुंद नळीवाल्यांनी हा व्यायाम करू नये; त्यांना उताणं झोपून गुडघे छातीकडे घेणं आणि स्थिर सायकल जास्त मानवते.

ओढूनताणून काही करू नका, विशेषतः उभं राहून पायाचे अंगठे पकडायला जाऊ नका. पायाच्या मागे ताण जाणवतो म्हणून ‘शिर मोकळी करायला’ हे सर्रास सांगितलं जातं. पण तिथे ताणली जाते ती आधीच सुजलेली नस, आणि पुढे वाकल्यामुळे गादीवर दाब येतो तो वेगळाच. नस ताणायची नसते, सरकवायची असते. कळ थोडी ओसरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, खुर्चीत ताठ बसा. गुडघा सरळ करत पाय वर आणताना मान वर करा. पाय खाली नेताना हनुवटी छातीकडे आणा. एका टोकाला ताण वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला सैल पडतो, म्हणून नस तिच्या वाटेत पुढे-मागे सरकते. दहा वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही न थांबता. मुंग्या वाढून टिकल्या तर पाय कमी उचला. पोट आणि पाठीची ताकद वाढवणं त्यानंतरचं काम. हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय सरळ करणं ही चांगली सुरुवात.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा पुढे वाकणं सगळ्यात महागात पडतं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या जोरावर उठा. मोजे, बूट, बेसिनवर वाकणं उशिरा किंवा गुडघे वाकवून. गादीतला दाब प्रत्यक्ष मोजलेल्या एका प्रयोगात उभं असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल (दाबाचं एकक) होता, पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३, आणि तेच वजन अंगालगत धरल्यावर १.१. वजन शरीराजवळ हवं ते याच कारणाने. बसणं अर्ध्या तासाहून जास्त सलग नको. खोकला किंवा शिंक येताना टेबलावर हात टेकून कंबर किंचित मागे घ्या. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका; जोर केला की कळ उसळते, आणि ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी नेमकी तीच होते.

औषधांकडून फार अपेक्षा ठेवू नका. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, आणि एका वेळी एकच. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. प्रीगाबालिन नसेचं औषध म्हणून सर्रास लिहिलं जातं, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर मात्र जास्त आली. आधीच चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस उतरवा. शेक पंधरा-वीस मिनिटं कमरेला द्या, बधिर पावलाला नको, कारण तिथे भाजलं तरी कळत नाही. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. वजन लावून कंबर ओढण्यावर मी पैसे घालवणार नाही, आणि पाठ तुडवून घेणं तर सरळ धोक्याचं.

कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. तोवर झोपच लागत नसेल तर मणक्यातल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विचार करता येतो. त्याचा फायदा थोडा आणि काही आठवड्यांपुरता असतो, पण तेवढ्या काळात चालणं आणि व्यायाम सुरू होऊ शकतात. ऑपरेशनबद्दल नेदरलँड्समधलीच २००७ची चाचणी वाचण्यासारखी आहे. लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायातली कळ भराभर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. थांबलेल्या गटातल्या सुमारे ३९ टक्के लोकांनी मात्र मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर तुमच्यापुढचा प्रश्न ‘करावंच लागेल का’ असा नसून ‘आणखी किती आठवडे सहन होईल’ असा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या झोपेवर आणि कामावर अवलंबून आहे. ताकद उतरत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशनात पूर्ण गादी काढत नाहीत, मुळावर आलेला तुकडा काढतात. पायातली कळ त्याने लवकर जाते, कंबरदुखीचा भरवसा नसतो, आणि अंगठ्यातला बधिरपणा जायला महिने लागतात.