लग्नपत्रिका नको, साधा मजकूर पाठव

भावा, तुझी पीडीएफ बघितली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी ब्रिटनमधल्या पाच विद्यापीठांत अर्ज करणार आहेस आणि पर्सनल स्टेटमेंटला, म्हणजे हाच विषय का शिकायचाय ते सांगणाऱ्या मजकुराला, फाँट कुठला, समास किती, नाव मध्यभागी घ्यायचं का, असं विचारलंयस. राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्यानं काम झकास केलंय, पण खरं सांगू? लग्नपत्रिका वाटतीय. आणि त्यातली सजावट तिकडं पोचणारच नाही.

तिकडं पदवीचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात. तिच्या अर्जात स्टेटमेंटची फाइल जोडायची नसते. स्क्रीनवरच्या चौकोनात मजकूर चिकटवायचा. ठळक, तिरपं, अधोरेखित, दोन रकाने, सगळं गळून पडतं. शिवाय 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंधही गेला. आता तीन प्रश्न असतात: हाच विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस, त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून 4,000 कॅरेक्टर, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तराला किमान 350. ‘47 ओळींत बसव’ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, तो जुना हिशेब.

म्हणजे मांडणी आता वाक्यांच्या क्रमातच करायची. तुझं सगळ्यात भारी वाक्य शेवटी दडून बसलंय: 2019 च्या पुरानंतर दर पावसाळ्यात तू कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी वहीत लिहितोस. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. पण तिकडं अर्ज वाचणाऱ्याला काय माहीत? ते पहिल्या उत्तराच्या पहिल्या ओळीत आण. पुढं त्या वहीतून तुला काय उमगलं ते लिही: राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर इथं पाणी चढायला किती वेळ लागला, तुझा अंदाज कुठं चुकला. वरचं अब्दुल कलामांचं वाक्य काढ. मोजून मिळालेल्या जागेत तुझं बोलणं हवं. ‘लहानपणापासून माझं स्वप्न’ पण काढ.

पाचही ठिकाणी हाच मजकूर जातो, म्हणून एकाही विद्यापीठाचं नाव घालू नकोस. मित्राचं स्टेटमेंट उचलून चार शब्द फिरवायचा विचार असेल तर सोड. नक्कल पकडायची यंत्रणा आहे त्यांच्याकडं.

ताईचं मास्टर्सचं वेगळं. तिथं बहुतेक वेळा थेट विद्यापीठाकडंच अर्ज करायचा, फाइलही मागतात. शब्दमर्यादा प्रत्येकाची निराळी, ती त्यांच्याच पानावर बघायची. साधा फाँट, 11 चा आकार, वर नाव आणि अर्ज क्रमांक, पीडीएफ. बास. मी माझ्या वेळी एका विद्यापीठाच्या अर्जात दुसऱ्याचंच नाव तसंच ठेवलं होतं. नकार आला. त्याचमुळं आला का, कोण सांगणार! पण अजून आठवलं की कान गरम होतात.

तू आता नोटपॅडमध्ये तीन उत्तरं वेगवेगळी लिहून रविवारपर्यंत पाठव. वहीतल्या दोन-तीन पानांचे फोटोही टाक, त्यातनं काय घ्यायचं ते बघू.