भारतात भाषा नेमक्या किती? 22, 121, 780 की 19,569?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो, मग खरा कुठला? चारही खरे आहेत, फक्त प्रत्येकाने मोजलंय वेगळं. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि 2011च्या जनगणनेत प्रगणक होते, म्हणून 19,569 पासून सुरुवात करते. त्यातली काही नावं माझ्या हाताने लिहिलेली आहेत.

9 ते 28 फेब्रुवारी आम्ही घरोघर फिरलो. अर्जात मातृभाषेचा रकाना होता. सूचना अशी होती की समोरचा माणूस जे नाव सांगेल तेच लिहायचं. ती भाषा की बोली, हे आपण ठरवायचं नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलायची ती, हेही स्पष्ट दिलेलं होतं. देशभरातून अशी जी नावं लिहून आली ती 19,569. एकाच भाषेची चार नावं, जातीची नावं, गावाची नावं, सगळं त्यात आलं. छाननीनंतर 1,369 मातृभाषा उरल्या. त्यातल्या देशभरात किमान 10,000 भाषक असलेल्या 270 निवडून त्या 121 भाषांखाली लावल्या.

हे ‘लावणं’ नीट समजून घ्या, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. हिंदीचे भाषक जवळजवळ 53 कोटी दिसतात. पण स्वतः ‘हिंदी’ असं सांगणारे त्यात साधारण 32 कोटीच. बाकीच्यांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही असं सांगितलं होतं. एकटी भोजपुरीच 5 कोटींच्या वर आहे.

22 ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली यादी. सुरुवातीला त्यात 14 भाषा होत्या. 1967मध्ये सिंधी आली, 1992मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, 2003मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. यादीत जायला भाषक किती लागतात याचा नियम नाही. 2011मध्ये संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 होते, ती यादीत आहे. भिली गटाचे एक कोटीहून जास्त, ती नाही. हे मला आजही खुपतं. 780 हा भाषा-अभ्यासक गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा आकडा. तिथे 10,000ची अट नव्हती.

ती अट 1971पासूनची आहे आणि तिचा फटका कुणाला बसतो ते आपल्याच राज्यात दिसतं. गडचिरोलीतली गोंडी द्रविड कुळातली. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथाळीची नातलग. या दोघी 121मध्ये आहेत. पण बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात, जिचं कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. अख्ख्या जगात एकटी भाषा! भाषक मोजके हजार, म्हणून 121च्या तक्त्यात ती नाही.

आता मुंबईचं. आमच्या महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. तरी मुलांच्या घरातल्या भाषा याहून कितीतरी जास्त असतात. मला त्या कळल्या मातृभाषेच्या रकान्यामुळे, आणि तेही उशिरा.

भांडुपच्या एका चाळीत एक आजी दारात बसून सुनेशी मालवणीत बोलत होत्या. मी मातृभाषा विचारली तर म्हणाल्या, “मराठी लिवा.” मी म्हटलं, आजी, आत्ता तर मालवणी बोलत होतात. त्यावर, “ता घरातला गो. कागदार मराठीच लिवक् व्हया.” मी सूचनेप्रमाणे मराठी लिहिलं. गंमत नाही, पण नोंदवण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी ‘मालवणी’ म्हटलं असतं तर जनगणनेच्या वर्गवारीत त्या कोकणीखाली मोजल्या गेल्या असत्या. एका शब्दावर माणूस या भाषेतून त्या भाषेत जातो.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी धुळ्याकडची. माझी आई आयुष्यभर माझ्याशी अहिराणीत बोलली. “काय करी ऱ्हायनी?” हे फोनवरचं तिचं पहिलं वाक्य असायचं. आणि मुंबईत आल्यापासून कुणी विचारलं की मीही ‘मराठी’ सांगून मोकळी होत असे. मराठी माझी आहेच, मी ती शिकवते, तिच्यावर माझं प्रेम आहे. पण रकान्यातला प्रश्न तो नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘मातृभाषा कोणती?’ असं विचारणं सोडलं. “लहानपणी आई तुमच्याशी काय बोलायची?” असं विचारायला लागले. लोक थांबायचे. रिक्षा चालवणारे एक काका आधी ‘हिंदी’ म्हणाले होते, मग म्हणाले अवधी. हॉटेलवाल्या शेट्टींच्या घरात कन्नड ऐवजी तुळू आलं, वरच्या मजल्यावर गुजराती ऐवजी कच्छी. एका घरात नवराबायकोत वाद झाला आणि शेवटी दोघांच्या ओळीत दोन वेगळी नावं लिहिली.

माझ्या घरी मात्र वेगळ्या प्रगणक बाई येऊन गेल्या होत्या. दार ह्यांनी उघडलं आणि माझ्या नावापुढे ‘मराठी’ सांगितलं. पुढची जनगणना 2027ची आहे. या वेळी माझी ओळ मी सांगणार आहे: अहिराणी.