डॉक्युमेंटेशन कन्व्हर्टरच्या मधल्या फाइलसाठी पिकल की जेसन?

पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) पायथनमध्ये आहे आणि त्याची मधली फाइल वाचून एचटीएमएल काढणारा भाग पुढे गो किंवा जावास्क्रिप्टमध्ये जाणार, असं म्हणताय ना? मग पिकल, म्हणजे पायथनचा स्वतःचा डेटा साठवायचा फॉरमॅट, आत्ताच बाद करा. पायथनबाहेर ती फाइल धड वाचता येत नाही. शिवाय अनोळखी पिकल उघडणं म्हणजे दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर चालू देणं.

सरळ जेसन घ्या, तो साध्या मजकुरातला डेटा फॉरमॅट आहे. पॅनडॉक हे डॉक्युमेंटचे फॉरमॅट बदलणारं टूल हास्केल भाषेत लिहिलंय, पण स्वतःचा डॉक्युमेंट ट्री (मजकुराची झाडासारखी रचना) ते जेसनमध्ये देतं, म्हणून त्याचे फिल्टर (त्या ट्रीमध्ये बदल करणारे छोटे प्रोग्राम) कुठल्याही भाषेत लिहिता येतात. त्यात साध्या वाक्यातला प्रत्येक शब्द वेगळा नोड (ट्रीचा एक घटक), मधली स्पेससुद्धा वेगळा नोड! फाइल फुगते, पण गडबड कुठे झाली ते डोळ्यांना दिसतं. त्या जेसनमध्ये ही रचना कुठल्या आवृत्तीची (एपीआय आवृत्ती) तेही नोंदलेलं असतं. ही कल्पना बिनधास्त उचला, फॉरमॅट बदलला की कामी येते.

मराठी मजकूर असेल तर पायथनच्या जेसन मॉड्यूलमध्ये 'एन्शुअर आस्की' (ensure_ascii) हे सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद करा, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या जागी युनिकोडचे आकडे दिसतील.

यामल हा तसाच दुसरा मजकुरी फॉरमॅट, तो फक्त हाताने लिहायच्या सेटिंग्जपुरता ठेवा. त्याच्या 1.1 आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला नॉर्वेचा 'एनओ' (NO) कोड इंग्रजी 'नो' समजून चक्क फॉल्स होतो.