जहाजावर जेवण वाढायला निघालेल्या विद्यार्थिनीस

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

क्रूझ जहाजावर सहायक वेटर म्हणून तुझी निवड झाल्याचे वाचून आनंद झाला. तुझ्या मामांनी त्यांच्या काळातले कप्तानाचे टेबल, सुटाबुटातल्या रात्री आणि पेटत्या मिठाईची मिरवणूक यांचे वर्णन केले, आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तर प्रवासी ॲपवरून हवे तेव्हा, हव्या त्या ठिकाणी टेबल राखून ठेवतात असे लिहिले आहे; मग शिवाजीनगरच्या महाविद्यालयात घोटून घेतलेल्या त्या जुन्या सेवेचा आता उपयोग काय, असे तू विचारले आहेस. मी तुझ्याच पदावर सुरुवात करून मेत्र-डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो आणि हा बदल डायनिंग रूमच्या आतून पाहिला. माझे मत असे, की जहाजावरची प्रत्येक प्रथा कोणत्या तरी साध्या, व्यावहारिक गरजेतून आलेली असते. ती गरज कोणती हे कळले, की काय जाणार, काय राहणार आणि जे गेले त्याचा भार कोणावर येणार, हे तुला आपोआप दिसू लागेल.

ठरलेल्या वेळेच्या जेवणाचेच पाहा. मुख्य डायनिंग रूममध्ये सगळे प्रवासी एका वेळी मावत नसत, म्हणून त्यांची दोन सीटिंगमध्ये विभागणी होई. पहिले सायंकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरे सव्वाआठ-साडेआठला. अर्धे जहाज जेवत असताना उरलेले अर्धे नाट्यगृहात किंवा डेकवर असे आणि नंतर अदलाबदल होई, त्यामुळे गॅलीतल्या (जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या) भट्ट्या, रंगमंचावरचे खेळ आणि केबिन आवरणाऱ्यांच्या फेऱ्या या सगळ्यांचे वेळापत्रक त्या दोन सीटिंगना बांधलेले असे. आपल्याकडच्या मंगल कार्यालयात पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नसे, तसाच हा हिशेब होता. मात्र त्यातून कोणीही न योजलेली एक गोष्ट घडली. आठवडाभर तेच टेबल, तेच सहा-आठ सहप्रवासी आणि तेच दोन वेटर असल्यामुळे तिसऱ्या रात्रीपर्यंत कोणाला बर्फाशिवाय पाणी हवे, कोणाला कॉफी गोडाच्या आधी लागते आणि कोणत्या आजींना मासा काटे काढूनच द्यावा लागतो, हे सारे वेटरला पाठ झालेले असे. पुढच्या सफरीला आल्यावर काही कुटुंबे त्याच वेटरचे टेबल मागून घेत.

२००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ नावाने ही चौकट मोडली: ठरलेली वेळ नाही, ठरलेले टेबल नाही, सक्तीचा पोशाख नाही. वर्षभर घड्याळाला जुंपलेल्या माणसाला सुट्टीतही सहाच्या ठोक्याला जेवायला बसणे नकोसे वाटते, हे कारण तर होतेच. शिवाय प्रवासी एका टेबलाला बांधलेला राहिला, तर जादा पैसे घेणाऱ्या उपाहारगृहांत जाणार कोण, हा व्यापारी विचारही त्यामागे होता. इतर मोठ्या कंपन्यांनी हळूहळू मधला मार्ग काढला आणि डायनिंग रूमचा एक भाग ठरलेल्या सीटिंगसाठी, तर दुसरा हव्या त्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवला. रॉयल कॅरिबियनने २०१४ साली ‘क्वांटम ऑफ द सीज’ या जहाजावर एकच मोठी डायनिंग रूम न ठेवता अनेक छोटी उपाहारगृहे केली, पण ती पद्धत पुढे मागे घेऊन त्यांना जुन्या व्यवस्थेकडे परतावे लागले. मला स्वतःला सर्वांत हुशारीची वाटते ती १९९८ पासून चालत आलेली डिस्ने कंपनीची फिरती पद्धत. तिथे प्रवासी रोज वेगळ्या उपाहारगृहात जातात आणि त्यांचे वेटर त्यांच्याबरोबर जागा बदलतात. प्रवाशाला जागेत बदल हवा असतो, माणसांत नको असतो, हे त्या योजनेने बरोबर ओळखले.

जादा पैशांच्या उपाहारगृहांविषयी तुझे मामा नाराज आहेत, ‘आमच्या वेळी सगळे तिकिटातच होते’ असे ते म्हणतात. त्यांच्या वेळेपुरते ते खरे आहे. परंतु हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर १९०५ मध्येच रिट्झ हॉटेलच्या धर्तीचे वेगळे पैसे घेणारे उपाहारगृह होते, १९१२ च्या ‘टायटॅनिक’वर होते आणि १९३६ च्या ‘क्वीन मेरी’वरचे व्हरांडा ग्रिल तर प्रसिद्धच होते. १९५८ नंतर जेट विमानांनी अटलांटिक ओलांडणारा प्रवासी पळवला, जहाजे सहलीच्या धंद्याकडे वळली आणि त्या धंद्यात प्रवाशांचे वर्ग मोडून सगळ्यांना एकच डायनिंग रूम आली. मामांनी पाहिले ते हे मधले पर्व. आता एमएससी कंपनीचा २००८ पासूनचा ‘यॉट क्लब’ पाहा किंवा क्युनार्डची ग्रिल उपाहारगृहे पाहा. महाग केबिन घेणाऱ्याला वेगळे दार, वेगळे जेवण, म्हणजे जुना पहिला वर्गच नव्या पडद्याआड बसला आहे.

आता त्या मिरवणुकीविषयी. तिच्यातली पेटती मिठाई बेक्ड अलास्का, म्हणजे केकवर आइस्क्रीम, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेसाळ मेरँग आणि तो वरून पटकन भाजलेला. सफरीच्या शेवटाकडच्या एका रात्री डायनिंग रूमचे दिवे मालवले जात, वेटर ज्वाळा पेटवलेली तबके डोक्याच्या उंचीवर धरून रांगेने येत आणि प्रवासी नॅपकिन गरगर फिरवत टाळ्या वाजवत. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, त्यामुळे खऱ्या ज्वाळा जाऊन बॅटरीवरचे दिवे आले, आणि नंतर बऱ्याच जहाजांवर मिरवणूकच थांबली, कारण हव्या त्या वेळी येणाऱ्या प्रवाशांच्या डायनिंग रूममध्ये सगळे एकाच वेळी गोडापर्यंत पोहोचतच नाहीत. या मिरवणुकीत गॅलीतली माणसे प्रवाशांसमोर येत, त्यांना टाळ्या मिळत. तेवढ्यापुरते मला तिचे वाईट वाटते. मध्यरात्रीच्या बुफेचे मात्र मुळीच वाईट वाटत नाही. बर्फाची शिल्पे आणि कोरलेली कलिंगडे यांवर कितीतरी तास खर्च होत, प्रवासी आधी रांगेने छायाचित्रे काढून घेत, भरपेट जेवणानंतर दोन घास चाखून झोपायला जात आणि उरलेले बहुतेक सारे वाया जाई.

सूट-टायच्या रात्री अजून आहेत, पण बहुतेक कंपन्यांनी पोशाखाचा नियम सैल केला आहे. विमानात सामानाच्या वजनाचे पैसे मोजणारा प्रवासी एका रात्रीसाठी सूट आणत नाही. क्युनार्डसारखी कंपनी गाला रात्री जपते, कारण तिच्याकडे लोक त्यासाठीच येतात. कप्तानाचे टेबल छोट्या जहाजांच्या काळातले, जेव्हा मोजके प्रवासी अधिकाऱ्यांच्याच मेजावर जेवत; साडेसात हजार प्रवासी नेऊ शकणाऱ्या जहाजावर तो मान आता थोड्यांनाच मिळतो.

टिपेचा बदल तुझ्या खिशाशी संबंधित असल्यामुळे नीट समजून घे. पूर्वी शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटात रोख पैसे घालून वेटरच्या हातात देत, तेव्हा सेवेचा निकाल तिथल्या तिथे लागे. आता बहुतेक मोठ्या कंपन्या दर दिवसाची ठराविक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावतात आणि ती अनेकांत वाटली जाते. यामुळे वाईट आठवड्यात तुझे फार नुकसान होत नाही, पण उत्तम आठवड्याचा फायदाही पूर्वीसारखा थेट हातात पडत नाही. वरचे पाकीट अजून मिळते, फक्त ते ओळख झालेल्या वेटरलाच मिळते.

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. जुन्या व्यवस्थेत ओळख व्हायला सात रात्री मिळत, तुला कदाचित एकच मिळेल. म्हणून महाविद्यालयात शिकवलेली डावी-उजवी बाजू, ताटे उचलण्याचा क्रम, वाइन ओतताना मनगट वळवणे हे सगळे अंगवळणी पडलेले हवे, म्हणजे तुझे लक्ष हातांऐवजी समोरच्या माणसाकडे राहील. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी टिपायला शीक: टेबलावर निर्णय कोण घेते, घाई आहे की निवांतपणा, आणि कोणाला काय चालत नाही. निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत गर्दीच्या वेळी बस आणि डोशाकडे कमी, वाढणाऱ्यांच्या नजरेकडे जास्त लक्ष दे. वर्दीच्या खिशात छोटी वही ठेव. टेबल क्रमांकाऐवजी केबिन क्रमांकापुढे आवड लिही, कारण तो प्रवासी उद्या दुसऱ्या टेबलावर बसेल आणि तुझ्या सहकाऱ्याला ती नोंद लागेल. ॲपमध्ये ॲलर्जीची नोंद असते. आजोबांना सूप कोमट आवडते, हे त्यात नसते.

आपल्याकडचे प्रवासी आता तुला सर्वत्र भेटतील. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जाते, आणि परदेशी जहाजांवरही जैन किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण मागणारी कुटुंबे असतात. त्यांना आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखव आणि हेड वेटरकरवी गॅलीला कळव, कारण मोठ्या गॅलीतला रस्सा सकाळीच शिजलेला असतो आणि रात्री आठला त्यातून कांदा काढता येत नाही. तू मराठी आहेस म्हणून ते हक्काने जास्त मागतील, आणि शेजारच्या टेबलावरच्या नॉर्वेच्या जोडप्याला ते दिसत असेल. दोघांकडे सारखे लक्ष दे.

दोन गोष्टींत मात्र परंपरेचा आणि आवडीचा प्रश्नच येत नाही. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजाची आरोग्य तपासणी अचानक होते, गुण शंभरपैकी दिले जातात आणि ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, गरम ५७ किंवा त्यावर हे आकडे झोपेतही सांगता आले पाहिजेत. दुसरी गोष्ट मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचे याची कवायत. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून झालेली नव्हती. २०१५ पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक आहे. २०२० नंतर अनेक जहाजांवर प्रवासी सूचना फोनवर पाहून केवळ आपल्या ठिकाणी हजेरी लावतो, त्यामुळे त्याने त्या पाहिल्या आहेत असे गृहीत धरू नकोस. आणीबाणीत तू वेटर नसतेस, नेमून दिलेल्या जागेवर माणसांना वाट दाखवणारी असतेस.

एजंटाविषयी एवढेच, की नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास कायद्याने मनाई आहे. एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी पाहा आणि कोणी पैसे मागितले तर उठून ये.

पहिल्या करारात विभाग निवडण्याची संधी बहुधा मिळत नाही. तरी हेड वेटरला विचारायला हरकत नाही, आणि विचारलेस तर ठरलेल्या सीटिंगचा विभाग माग. हव्या त्या वेळच्या विभागात तुझे पाय लवकर तयार होतील; पण तीच माणसे सलग सात रात्री पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी पहिल्या रात्रीचा अंदाज कुठे चुकला, हे कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. तो अंदाज एकदा तयार झाला, की दुसऱ्या करारात तुला कोणत्याही विभागात टाकले तरी चालेल.

तुझा हितचिंतक