कॅनडातल्या शाळेत ३० सप्टेंबरच्या सुमारास केशरी शर्ट का घालायला सांगतात? आपण तर भारतातून आलेले, आपला काय संबंध?

आधी एक सांगतो, आपल्या भगव्याशी याचा काही संबंध नाही. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं!

१९७३ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची मूळनिवासी मुलगी आजीने घेऊन दिलेला नवाकोरा केशरी शर्ट घालून निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. त्याची आठवण म्हणून हा केशरी शर्ट. या शाळांना पैसा सरकारचा, चालवायचं बहुतांशी चर्चने. मुलांना आईबापांपासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावणं हाच हेतू. सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली, हजारो घरी परतलीच नाहीत. शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली, म्हणजे अगदी कालपरवा.

२०१५ साली या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. हा इतिहास शाळेत शिकवा, ही त्यातलीच एक. बऱ्याच शाळांत रोज सकाळी ‘ही भूमी अमुक मूळनिवासी लोकांची’ असं वाचून दाखवतात, ते हळूहळू पाठांतर होऊन बसतं, असं माझं मत. शर्टाची गोष्ट मात्र पोरं घरी येऊन सांगतात.

आणि आपला संबंध? ९४वी शिफारस नागरिकत्वाच्या शपथेबद्दलच आहे. २०२१पासून त्या शपथेत मूळनिवासींच्या हक्कांचा उल्लेख आहे. उद्या नागरिकत्व घ्याल तेव्हा ती तुम्हालाच म्हणायची आहे.